खेचरांची वाट आणि वाटाड्यांचे वाङ्मय

प्रवासवर्णन आणि मार्गदर्शिका ही एकाच वाटेची दोन अपत्ये. परंतु वाङ्मयाच्या दरबारात दोघांचा मान सारखा नाही. प्रवासवर्णनास पंक्तीत पाट मिळतो. मार्गदर्शिकेस मात्र रेल्वेच्या वेळापत्रकाशेजारी खुंटीवर लटकावे लागते. मैलांचे आकडे, पाण्याचे पंप आणि मुक्कामाच्या जागा यांची जंत्री म्हणजे वाङ्मय नव्हे, असे म्हणून टीकाकार तिच्याकडे पाठ फिरवितात. ही उपेक्षा आम्हांस उचित वाटत नाही. प्रवासवर्णन वाचून वाचक बहुधा घरीच बसतो. मार्गदर्शिका हाती घेऊन तो घराबाहेर पडतो. कोठे थांबावे, काय पाहावे आणि काय न पाहता पुढे जावे, हे त्यास तीच शिकविते. ज्या पुस्तकाच्या हाती इतकी सत्ता, त्याची परीक्षा झालीच पाहिजे.

सायकलीवरून दूरचा प्रवास करणाऱ्यांसाठी अशी पुस्तके युरोप-अमेरिकेत विपुल निघतात, आणि त्यांत जुन्या कालव्यांच्या काठच्या वाटांना मानाचे स्थान असते. ही वाट म्हणजे काय, हे आपल्याकडील वाचकास प्रथम सांगितले पाहिजे. नीरा किंवा मुठा यांचे कालवे शेतास पाणी देण्याकरिता काढलेले. तिकडील हे कालवे मालाच्या नावा नेण्याकरिता खोदलेले. घोडी किंवा खेचरे काठावरून चालत दोराने या नावा ओढीत, आणि त्यांच्या पायांसाठी पाण्यालगत एक सपाट वाट राखलेली असे. वस्तूच नसल्यामुळे आपल्या भाषेत तिला रूढ नावही नाही. या लेखापुरते आम्ही तिला ‘ओढवाट’ म्हणू.

अशा वाटांपैकी अमेरिकेतील चेसापीक अँड ओहायो कालव्याची ओढवाट आम्ही विचारासाठी निवडतो. कारण तिच्या दैवात वाङ्मयाचा हात जितका स्पष्ट दिसतो तितका क्वचितच दुसरीकडे दिसत असेल. ४ जुलै १८२८ रोजी अध्यक्ष जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांनी या कालव्याची पहिली कुदळ मारली. दैवाची थट्टा अशी की, त्याच दिवशी बाल्टिमोर येथे बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेचाही मुहूर्त झाला. आगगाडी १८४२ साली कंबरलंडला पोहोचली. कालवा तेथे पोहोचला १८५० साली, आणि ज्या ओहायो नदीचे नाव त्याने धारण केले तिच्यापर्यंत तो कधीच गेला नाही. तरीही कोळशाने भरलेल्या नावा खेचरांमागे पाऊण शतक चालल्या. १८८९ च्या महापुराने कंपनी खचली, १९२४ च्या पुराने वाहतूक कायमची थांबली, आणि १९३८ साली सरकारने तो मोडका कालवा विकत घेतला.

आता सायकलस्वाराच्या दृष्टीने या वाटेचा गुण पाहा. जॉर्जटाउनपासून कंबरलंडपर्यंत साडेएकशेचौऱ्याऐंशी मैलांत तिची एकंदर चढण ६०५ फूट. म्हणजे दर मैलास सरासरी सव्वातीन फुटांच्या आसपास. हा चढदेखील ७४ लॉकांपाशी, म्हणजे नावा वरखाली करणाऱ्या दरवाजेबंद हौदांपाशी, वाटून दिलेला. मधली वाट तळहातासारखी सपाट. ओझ्याने लादलेली नाव ओढणाऱ्या खेचरास जे सोयीचे, तेच सामान लादलेल्या सायकलीस सोयीचे ठरावे यात नवल नाही. ही सोय फार पूर्वीच लोकांच्या ध्यानात आली होती. उंच चाकाच्या सायकलीवरून पृथ्वीप्रदक्षिणा करणारा टॉमस स्टीव्हन्स, जो पुढे १८८६ साली लाहोराहून कलकत्त्यास आपल्याच देशातून गेला, तो १८८४ साली न्यूयॉर्क प्रांतातील ईरी कालव्याच्या ओढवाटेने गेला होता. त्याच्या ग्रंथात तेथील खेचरे चाकाला पाहून बुजतात आणि नावाडी संतापतात. तो प्रसंग विनोदी आहे खरा. पण त्यात एक गोष्ट आहे जी आजच्या मार्गदर्शिकांत नाही. स्टीव्हन्सला ठाऊक होते की, आपण दुसऱ्याच्या कामाच्या वाटेवर पाहुणे आहोत.

आजच्या मार्गदर्शिकांचे गुण आम्ही नाकारीत नाही. त्यांची भाषा नेमकी असते. पाऊस पडून गेल्यावर वाट चिखलाने किती जड होते, पाण्याचे पंप कोणत्या मैलावर आहेत, सायकलस्वारांस फुकट उतरण्याचे तळ किती अंतरावर आहेत, हे त्या निःसंकोच आणि खरे सांगतात. अलंकारांच्या हव्यासाने आमची कित्येक प्रवासवर्णने जेथे वाचकाची फसगत करतात, तेथे हा रुक्ष प्रामाणिकपणा आदर्शच मानावा लागेल. आमचा आक्षेप त्यांच्या शैलीवर नसून दृष्टीवर आहे. आणि ही दृष्टी कोठून आली हे पाहण्यासाठी एका पत्राकडे वळले पाहिजे.

जानेवारी १९५४ मध्ये वॉशिंग्टन पोस्ट या वृत्तपत्राने कालव्याच्या जागी मोटारींचा रस्ता करण्याच्या योजनेस अग्रलेखातून पाठिंबा दिला. त्यावर सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी संपादकांस पत्र लिहून आव्हान दिले की, आपण माझ्यासह या वाटेने एकवार पायी चला आणि मग मत द्या. संपादकांनी ते स्वीकारले. मार्च महिन्यात मंडळी कंबरलंडहून निघाली. न्यायमूर्तींसह नऊजणांनी अखेरपर्यंत मजल मारली. वृत्तपत्राने आपले मत पालटले, आणि १९७१ साली हा सारा कालवा राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान म्हणून कायमचा सुरक्षित झाला. एका पत्राने एक वाट वाचविली. लेखणीच्या सामर्थ्याविषयी निराश होणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर ध्यानी धरावे.

परंतु ज्या पत्राने वाट वाचविली, त्याच पत्राने ती कशी पाहावी हेही ठरवून टाकले. डग्लस यांनी कालव्याचे समर्थन केले ते शांततेचे आश्रयस्थान म्हणून: तेथे मोटारींचे भोंगे नाहीत, पक्षी आहेत, एकांत आहे. वकिली म्हणून हे निरुत्तर करणारे होते. वर्णन म्हणून ते अर्धे सत्य होते. ओढण्याचा दोर अडकू नये म्हणून वाट आणि पाणी यांच्यामध्ये झाड राहू देऊन चालत नसे. म्हणजे न्यायमूर्तींनी जी वनश्री पाहिली ती मुख्यतः काम बंद पडल्यानंतरच्या तीस वर्षांची. ती शांतता निसर्गाने दिलेली नव्हती. उठून गेलेल्या कारखान्याची ती शांतता होती. नावेवर बिऱ्हाड करून राहणारी कुटुंबे, खेचरांमागून मैलोगणती चालणारी मुले, रात्री-अपरात्री हाक ऐकून लॉक उघडणारे रखवालदार, यांचा गलबला येथे एके काळी होता. त्याहीपूर्वी १८३२ साली कॉलऱ्याने येथील मजुरांचे बळी घेतले. १८३४ साली उपासमारीच्या धास्तीने आयरिश मजुरांचे दोन तट आपसांत लढले, आणि अध्यक्ष जॅक्सन यांनी त्यांच्यावर सरकारी सैन्य धाडले.

मार्गदर्शिकांनी डग्लस यांचा एकांत उचलला आणि हा गलबला टाकून दिला. इतिहास त्यांत मुळीच नसतो असे नव्हे. पण तो प्रेक्षणीय स्थळांच्या यादीत, जेवणाच्या जागांशेजारी येतो. पॉ पॉ येथील बोगद्याचेच पाहा. ३,११८ फूट लांबीचे हे काम दोन वर्षांत पुरे व्हावयाचे होते. सुरू झाले १८३६ साली आणि पुरे झाले १८५० साली. मजुरांचे संप आणि दंगे, पैशाअभावी वर्षानुवर्षे खोळंबा, ठेकेदाराचे दिवाळे, एवढे त्या अंधारात घडले. तेथे आजही सायकलीवरून उतरून, ती हाताने ढकलीत जावे लागते. मार्गदर्शिका सांगते की, दिवा जवळ ठेवा. सूचना योग्य आहे. पण सगळ्या प्रवासात स्वारास सक्तीने पायउतार करणारी ही जागा; जो येथे खेचराच्या गतीने चालला त्याला दोन वाक्ये अधिक सांगितली असती, तर दिव्याच्या उजेडात त्याने भिंतीच्या विटांकडे निराळ्या नजरेने पाहिले असते.

यावर कोणी म्हणेल की, सुटीत चार दिवस मोकळी हवा खाण्यास निघालेल्या माणसाच्या मागे मृतांची भुते कशास लावता? हा आक्षेप अगदीच टाकाऊ नाही. वाचकास अपराधी करून सोडणारे वाङ्मय आम्हांसही नको. परंतु आमची मागणी शोकगीताची नसून पूर्ण पत्त्याची आहे. वाट कोठे जाते हे सांगणाऱ्याने ती कोणाच्या पायांनी झाली हेही सांगावे. आपल्या वारकऱ्यास कोणत्या मुक्कामाशी कोणत्या संताची आठवण निगडित आहे हे माहीत असते. त्यामुळे त्याचे पाय जड होत नाहीत, उलट हलके होतात.

अलीकडे आपल्याकडेही सायकलीवरून लांबचे प्रवास करणारी तरुण मंडळी वाढत आहेत आणि आपल्या वाटांची टिपणे लिहीत आहेत. त्यांनी या पुस्तकांपासून नेमकेपणा अवश्य घ्यावा. पाण्याची जागा चुकवू नये, चढ लपवू नये. पण धरणाच्या भिंतीवरून, कालव्याच्या भरावावरून किंवा जुन्या घाटाच्या वळणावरून जाताना तेथे कोणी माती वाहिली, हे गावातील एखाद्या वृद्धास विचारून एक ओळ तरी लिहावी. सायकलीची गती त्यासाठी पुरेशी मंद आहे. मोटारीस थांबण्यास निमित्त लागते. सायकलस्वारास पाय टेकला की पुरे.