लाल बावटा कलापथक : संहितेपलीकडील शाहिरी

१९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांनी उभारलेल्या लाल बावटा कलापथकाची ‘प्रचारकी’ म्हणून झालेली संभावना एकांगी ठरते. अण्णाभाऊंनी गणातील गणेशवंदनेऐवजी मातृभूमी व श्रमिकांना वंदन केले, गौळण वगळली. हा बदल आशयाइतकाच रूपबंधाचाही होता. ‘माझी मैना गावावर राहिली’ या छक्कडीत मुंबईत आलेल्या कष्टकऱ्याचा पत्नीविरह संयुक्त महाराष्ट्राच्या अपुऱ्या स्वप्नाशी एकरूप होतो. प्रचार येथे खाजगी वेदनेतूनच उगवतो. छापील संहितेत मात्र शाहिराचा पहाडी आवाज, डफाचा ठेका व झीलकऱ्यांची साथ उरत नाही. म्हणूनच केवळ संहितेवरून शाहिरीचे मूल्यमापन करणारी समीक्षा व अध्यापन दोन्ही अपुरी ठरतात.