फोन्सेका यांची मरिया आणि आपल्या आयाबहिणी

मरियामातेला गोरा वर्ण आणि निळा झगा कुणी दिला, हा प्रश्न आम्हांला सेमिनरीत कधी पडला नाही. तो पडला अँजेलो दा फोन्सेका (1902–1967) यांची चित्रे पाहिल्यावर. गोव्यातील सांतो इस्तेव्ह बेटावरील कॅथलिक घराण्यात जन्मलेले हे चित्रकार मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत रमले नाहीत. ते शांतिनिकेतनला गेले आणि अवनींद्रनाथ टागोर व नंदलाल बोस यांच्यापाशी जलरंगाचे पातळ थर एकावर एक चढविण्याची रीत शिकले.

1931च्या सुमारास गोव्यात परतल्यावर त्यांनी मरियेला साडी नेसविली. पोर्तुगीज अमदानीतील ख्रिस्ती समाजाला ते रुचले नाही. अखेर फोन्सेका पुण्यास आले आणि शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात त्यांनी आयुष्याचा मोठा काळ काढला. या आश्रमाचे मूळ आपल्या जिल्ह्यात आहे, हे थोड्यांनाच ठाऊक असेल. जॅक विन्स्लो या अँग्लिकन मिशनऱ्याने 1922 साली ख्रिस्त सेवा संघ सुरू केला तो अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) परिसरात. रेव्ह. ना. वा. टिळकांनी अभंग-कीर्तनातून ख्रिस्त मराठीत आणला, तोही याच मातीत. एका कॅथलिक चित्रकाराला आसरा मिळाला तो अँग्लिकनांच्या दारी. हे आपण कॅथलिकांनी जरा खाली मान घालूनच वाचावे.

‘ही तर हिंदू देवी दिसते,’ हा फोन्सेकांवरील जुना आक्षेप आम्हांला पोकळ वाटतो. युरोपातील चित्रकारांनी मरियेला आपापल्या गावची स्त्री केले, तेव्हा ती नाझरेथची उरली का, असे कुणी विचारले नाही. कोणतीही एकच शैली ख्रिस्तसभेची स्वतःची नाही, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 साली सांगितले. फोन्सेका ते तीस वर्षे आधीपासून रंगवीत होते.

आमची तक्रार निराळी आहे. त्यांची मरिया सात्त्विक आहे, डोळे मिटून ध्यान करावे अशी आहे. पण तिच्या अंगाला ऊन लागलेले नाही. शांतिनिकेतनच्या त्या धूसर रंगांत भक्ती उतरते, धूळ उतरत नाही. सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला आपल्या आयाबहिणी पायी येतात. त्यांतील कित्येकींच्या आज्या-पणज्या गावकुसाबाहेर राहिल्या, दुष्काळात खडी फोडायला गेल्या. भारतीय मरिया म्हणजे घरंदाज, उजळ घरातलीच का? फोन्सेकांना दोष देण्यासाठी आम्ही हे विचारत नाही. त्यांनी दार उघडले. त्यातून आत जाणारा चित्रकार आपल्या धर्मग्रामांतून अजून निघालेला नाही, आणि आपल्या वेदीवर अजूनही प्लॅस्टरची गोरी मूर्तीच उभी आहे.

फोन्सेकांच्या एका मरियेची छापील प्रत आम्ही आमच्या धर्मग्रामातील एका वृद्ध बाईंना दाखविली. पदर पाहून त्यांना आनंद झाला. मग त्या बराच वेळ चित्रातील हात निरखीत राहिल्या आणि म्हणाल्या, “फादर, हिनं खुरपं धरलेलं दिसत नाही.”