टपाच्या गाडीतील रोजनिश्या

अमेरिकेच्या मध्य भागातून ऑरेगॉन व कॅलिफोर्नियाकडे १८४० नंतरच्या तीन दशकांत लाखो माणसे वस्तीसाठी गेली. सुमारे २००० मैलांची ही वाट कापडी टपाच्या गाड्यांनी कापण्यास पाच-सहा महिने लागत. या प्रवासातील स्त्रियांच्या रोजनिश्यांवरील लिलियन श्लिसेल यांचा ग्रंथ १९८२ साली प्रसिद्ध झाला. शंभराच्या आसपास स्त्रियांच्या लेखनावर आधारलेला हा ग्रंथ आमच्या मते आजही आवर्जून वाचावा असा आहे. मात्र तो एकटा वाचू नये.

श्लिसेल यांचे खरे सामर्थ्य आहे ते न लिहिलेले वाचण्यात. अमेलिया स्टुअर्ट नाइट १८५३ साली पती व सात मुलांसह आयोवाहून निघाल्या. पाऊस, आजारपण, मेलेली गुरे, चुकून मागे राहिलेली व पुन्हा सापडलेली मुलगी, सारे काही त्या टिपतात. आपण गरोदर आहोत, हे मात्र लिहीत नाहीत. शेवटी आठव्या अपत्याच्या जन्माची नोंद येते, तेव्हा वाचकाला मागील प्रत्येक पान पुन्हा वाचावे लागते. वाटेवरील थडग्यांची मोजदाद स्त्रिया इतक्या निगुतीने का ठेवीत, तेही मग उमगते.

परंतु ज्यांच्या भूमीतून या गाड्या गेल्या, त्या मूलनिवासी बायकांचे काय? ते नदी उतरवून देत, अन्न विकत, हे श्लिसेल नमूद करतात. पण ते दिसतात गाडीतूनच. म्हणून या ग्रंथाशेजारी सॅरा विनेमुक्का या पायूट स्त्रीचे १८८३ सालचे आत्मकथन ठेवावे. गोरे येत आहेत या धास्तीने आईने तिला व नात्यातील एका मुलीला तोंडे उघडी ठेवून मातीत पुरले, उन्हापासून झुडपांचा आडोसा केला आणि रात्री येऊन बाहेर काढले, असे ती सांगते. गाडीतील आई थडगी मोजत होती. वाटेकडेची आई लेकीला वाचविण्यासाठीच पुरत होती.

आपणही वसाहतकारांचेच वंशज. आपल्या कुलवृत्तान्तांत सनदा, इनामे व नेमणुका साल-तिथीसह सापडतात. मेण्यातून वा बैलगाडीतून आलेल्या सुनेचे बहुधा नावही नसते. तिने काय टिपले असते, आणि आधीपासून तेथे राहणाऱ्यांनी तिच्याविषयी काय सांगितले असते, हे दोन्ही प्रश्न या दोन पुस्तकांमुळे आपल्याही दारात येतात.