सदसद्विवेक आणि पदरमोड

व्यक्ती आणि समाज यांच्या झगड्याइतका राबवलेला विषय आपल्या वाङ्मयात दुसरा क्वचितच असेल. हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’मधली यमुना घ्या, की विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मधली लीला बेणारे घ्या. एका बाजूला एकटा जीव आणि दुसऱ्या बाजूला त्याच्यावर तुटून पडणारी मंडळी, अशीच मांडणी आढळते. बेणारे ही माझ्यासारखीच शाळामास्तरीण असल्यामुळे तिचा खटला मला अंमळ जास्तच झोंबतो, हे खरे. पण मी स्वतः कादंबऱ्या लिहिते, आणि म्हणून मला हेही ठाऊक आहे की ही मांडणी लेखकाच्या फार सोयीची असते. समाज हा एक राक्षस म्हणून उभा केला की वाचकाचा कौल आधीच ठरून जातो.

प्रत्यक्षात समाज असा शिंगे उगारून समोर येत नाही. तो वडिलांच्या आवाजात बोलतो, आईच्या डोळ्यांतून पाहतो. आमच्या नाहूरला, भांडुप आणि मुलुंड यांच्यामधल्या या वस्तीत, पालकांशी बोलताना मला हे पदोपदी दिसते. मुलीने जातीबाहेर लग्न ठरवलेले असते. बाप शहाणा, शिकलेला. तो म्हणतो, “बाई, मला स्वतःला काही वाटत नाही हो. पण गावाकडे माझा थोरला भाऊ आहे, त्याच्या दोन मुली उजवायच्या आहेत.” या माणसाला भित्रा म्हणणे सोपे आहे. परंतु त्याने विचारलेला प्रश्न खोटा नाही. माझ्या सद्‍विचाराची किंमत माझ्या पुतण्यांनी का द्यावी?

या प्रश्नाचे उत्तर आपल्या कादंबऱ्यांत मला फारसे सापडले नाही. ते सापडले स्त्रियांनी लिहिलेल्या तीन आत्मकथनांत. रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (1910), आनंदीबाई कर्वे यांचे ‘माझे पुराण’ (1944) आणि 1934 पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेली लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’, ही पुस्तके आपण समाजसुधारणेचा इतिहास म्हणून वाचतो, किंवा घरगुती भाषेचा गोडवा म्हणून वाचतो. माझ्या मते ती नीतिविचाराची पुस्तके आहेत. निर्णय पुरुषांनी घेतले. त्या निर्णयांचा जमाखर्च या तिघींनी ठेवला.

रमाबाईंची कथा सर्वांत अवघड. 1873 साली न्यायमूर्ती रानडे यांची पहिली पत्नी वारली. रानडे तेव्हा एकतीस वर्षांचे होते आणि विधवाविवाहाच्या चळवळीतले पुढारी होते. मुलगा आता विधवेशी लग्न करील या धास्तीने वडिलांनी घाईने स्थळ पाहिले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात रानड्यांचे लग्न अकरा वर्षांच्या कुमारिकेशी झाले. ती कुमारिका म्हणजेच रमाबाई. ज्या शरणागतीमुळे आपण या घरात आलो, तिची हकीकत सांगण्याची पाळी तिच्यावरच आली. ती कोठेही तक्रार करीत नाही. पतीची घालमेल आणि वडिलांचा हट्ट ती सारख्याच आदराने मांडते. पुढे लिहिण्यावाचण्यापायी घरातल्या बायकांनी केलेला छळ, आणि सोसावे पण उलट बोलू नये हा पतीचा उपदेश, हेही ती त्याच शांत स्वरात सांगते. वडिलांपुढे न बोलणारा मुलगा आणि सासरी बोलू न देणारा पती हा एकच माणूस आहे, हे ती म्हणत नाही. पण तिच्या पुस्तकातून ते आपोआप उमटते. साहित्य म्हणून या पुस्तकाचे खरे बळ येथे आहे.

कोणी म्हणेल, झाले ते बरेच झाले; रानडे नमले म्हणून तर महाराष्ट्राला रमाबाई लाभल्या, 1909 साली निघालेल्या पुण्याच्या सेवासदनाचा कारभार त्यांनी वाहिला. हा युक्तिवाद मला मान्य नाही. फळ गोड निघाले म्हणून पेरणी शुद्ध ठरत नाही. रानड्यांनी जिच्याशी लग्न करायला हवे होते, त्या विधवेने पुस्तक लिहिले नाही. तिला नावसुद्धा नाही. आपण रमाबाईंच्या आठवणी वाचतो तेव्हा त्या न लिहिलेल्या आठवणीही शेजारी ठेवल्या पाहिजेत. आजच्या मापाने कालच्या माणसाला मोजू नये, असाही आक्षेप येईल. परंतु हे माप आजचे नाही. ते रानड्यांचे स्वतःचेच आहे, आणि त्या मापाने त्यांच्या समकालीनांनीही त्यांना मोजले होते.

धोंडो केशव कर्वे यांनी नेमके उलट केले. पहिली पत्नी गेल्यावर, 1893 च्या मार्चमध्ये, त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकलेल्या गोदूबाई या विधवेशी लग्न केले. मुरुडच्या ग्रामस्थांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. सख्ख्या आईला आणि भावाला त्यांच्याशी उघड संबंध ठेवणे दुरापास्त झाले. कर्व्यांच्या ‘आत्मवृत्ता’त (1915) हे सारे प्रांजळपणे आले आहे. पण त्या पुस्तकाशेजारी गोदूबाईंचे, म्हणजे आनंदीबाईंचे, ‘माझे पुराण’ ठेवा. 1896 साली कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम काढला. सनातनी लोकांनी आपल्या विधवा लेकीसुना तेथे पाठवाव्यात म्हणून पुनर्विवाहाचे कार्य आश्रमापासून वेगळे ठेवावे लागले. म्हणजे जिने पुनर्विवाह केला, ती संस्थापकाची बायको असूनही संस्थेच्या दृष्टीने अडचणीची! समाजाला न जुमानणाऱ्या सदसद्विवेकालाही पुढे समाजाशी सौदा करावा लागला, आणि त्या सौद्यात खर्ची पडले ते पत्नीचे मानाचे स्थान. हा सौदा चुकीचा होता असे मी म्हणत नाही. शेकडो मुलींचे आयुष्य त्यावर उभे राहिले. पण नवऱ्याच्या पुस्तकात जे ध्येय म्हणून येते, ते बायकोच्या पुस्तकात संसाराची ओढाताण म्हणून येते, आणि दोन्ही खरे आहे.

लक्ष्मीबाईंची तऱ्हा निराळी. 1895 च्या फेब्रुवारीत नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि ती बातमी पदरी लहान मूल असलेल्या लक्ष्मीबाईंवर कोसळली. टिळकांना अंतःकरणाचा आवाज ऐकू आला, तो बाईंना आला नव्हता. मग नातलगांच्या आश्रयाने काढलेली वर्षे आली. त्या पतीकडे परत गेल्या, तेव्हाही आपले सोवळे सोडून गेल्या नाहीत. ख्रिस्ती नवऱ्याच्या घरात त्यांचे पाणी वेगळे होते. ते सोवळे गळाले ते कोणाच्या आज्ञेने नव्हे, त्यांच्या स्वतःच्या विचाराने आणि स्वतःच्या सवडीने. 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’तल्या विनोदाची आपण वाखाणणी करतो, पण तो विनोद ही नुसती खुमारी नाही. स्वतःच्या सोवळ्याला हसता येणे म्हणजे समाजाने आपल्या आत बांधलेली चौकी आपणच मोडणे होय. विवेक कुंकवाबरोबर मिळत नाही, तो ज्याचा त्याने कमवावा लागतो, हे मराठीत इतक्या सहजपणे दुसऱ्या कोणी सांगितलेले मला तरी ठाऊक नाही.

तिन्ही पुस्तके एकत्र वाचली म्हणजे ‘व्यक्ती विरुद्ध समाज’ हे सूत्र तोकडे वाटू लागते. खरा प्रश्न, निर्णयाची पदरमोड कोणाच्या पदराची, हा आहे. रानडे नमले, त्याची किंमत एका अनाम विधवेने दिली. कर्वे नमले नाहीत, त्याची किंमत त्यांच्याबरोबर आनंदीबाईंनी दिली. नमण्यालाही किंमत पडते आणि न नमण्यालाही. आमच्या नाहूरचा तो बाप पुतण्यांच्या नावाने जो हिशेब मांडतो, त्यात स्वतःच्या मुलीचे नाव खर्चाच्या बाजूला लिहायचे राहून जाते. तो हिशेब पुरा लिहिला, की मग निर्णय त्याचा. पण अर्ध्या वहीवर घेतलेल्या निर्णयाला त्याने सदसद्विवेक म्हणू नये, आणि लाचारीही म्हणू नये.

आमच्या कादंबरीकारांनी या तीन बायकांकडून शिकावे ते हेच. बंडखोर नायक रंगवणे पुष्कळ झाले. त्याच्या बंडाचा दाणागोटा कोणाच्या घरून आला, हे लिहिणारी कादंबरी मला वाचायची आहे.