हिट नाटकांची यादी म्हणजे पुरावा नव्हे

संशोधनाची तयारी करताना एक प्रश्न विचारायची सवय लावा: यशस्वी उदाहरणं दहा सांगितली, पण एकूण प्रयत्न किती झाले? आज हा प्रश्न नाट्यगृहांच्या इतिहासाला लावून बघू.

अमेरिकेतल्या न्यू हेवन शहरात शुबर्ट नावाचं नाट्यगृह आहे, १९१४ साली उघडलेलं. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर जाण्याआधी संगीत नाटकं इथे प्रेक्षकांसमोर तपासून घेतली जायची. या नाट्यगृहाविषयी लिहिताना 'ओक्लाहोमा!', 'माय फेअर लेडी' ही नावं हमखास येतात. वाचणाऱ्याला वाटतं, त्या रंगमंचातच काहीतरी जादू असावी. पण तिथून पुढे जाऊन आपटलेली किंवा वाटेतच गुंडाळलेली नाटकं या यादीत नसतात. टिकलेल्यांवरून सगळ्यांचा अंदाज बांधणं, यालाच आपण सर्व्हायव्हरशिप बायस म्हणतो.

मग बघायचं काय? दोन प्रयोगांच्या मधे काय बदललं, ते. ११ मार्च १९४३ ला न्यू हेवनमध्ये जे नाटक उभं राहिलं त्याचं नाव होतं 'अवे वी गो!'. पुढे बॉस्टनच्या मुक्कामात शीर्षकगीत समूहगान झालं. ३१ मार्चला ब्रॉडवेवर पडदा उघडला तेव्हा नाव होतं 'ओक्लाहोमा!'. मधे फक्त वीस दिवस. शुबर्टचं मोल मोजायचं तर अशा दिवसांत मोजा.

आता आपल्याकडे या. ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आलं. 'मराठी संगीत नाटकाचा जन्म' म्हणून ही तारीख आपण पाठ करतो. पण त्या दिवशी सातपैकी चारच अंक झाले होते! उरलेले तीन नंतर आले. एवढ्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे खरं. तरीपण अपुरं काम लोकांसमोर ठेवायची सोय होती, हा मुद्दा जन्मतारखेच्या कौतुकात हरवतो आणि माझी टीका नेमकी तिथे आहे.

कारण हीच सोय आज आपल्याकडे कमी पडते. नांदेड-लातूरकडचे हौशी संघ राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत उतरतात. महिनोन्‌महिने तालीम, मग एक प्रयोग, परीक्षकांचे गुण, निकाल. नंबर आला नाही की सेट गोदामात. मंच आहे, प्रेक्षक आहेत, दुसरी रात्र मात्र नाही. निकालानंतर एखाद्या तालुक्याच्या गावी बदल करून दुसरा प्रयोग केला, तर तीच संहिता कुठल्या कुठे जाईल.

तुमच्या पीएचडीचंही असंच होतं बघा. सल्लागार समितीसमोरचं सहामाही सादरीकरण आपण परीक्षेसारखं देतो. गुळगुळीत स्लाईड, अडचणी लपवलेल्या, "छान" ऐकलं की सुटलो! तिथे तीन अंक राहिलेत हे सांगायची हिंमत करा. कोणी काय विचारलं ते लिहून ठेवा आणि पुढच्या वेळी पहिल्या स्लाईडवर एकच गोष्ट दाखवा: मागच्या वेळेपासून काय बदललं आणि का.