लोहित देवनागरी : परवाना, पॅकेज आणि मराठी वळण – एक चिकित्सा

प्रस्तावना

मुक्तस्रोत सॉफ्टवेअरविषयीची आपल्या महाविद्यालयीन वर्तुळातील चर्चा बहुधा 'फुकट मिळते' या एका वाक्यापाशी येऊन थांबते. परवाना न वाचताच मान्य केला जातो आणि पॅकेज हे केवळ वेष्टन समजले जाते. प्रस्तुत लेखकाचा एम. फिल.चा लघुप्रबंध युनिकोडपूर्व टंकात टंकलिखित झाला होता. आज ती फाईल उघडते, परंतु पानोपानी मराठीऐवजी निरर्थक रोमन चिन्हे दिसतात. मजकूर लेखकाचा होता. तो वाचण्याची किल्ली मात्र दुसऱ्याच्या हाती राहिली. या अनुभवाच्या पार्श्वभूमीवर 'लोहित देवनागरी' या मुक्त टंकाचा परवाना आणि त्याची पॅकेजरचना यांची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

लोहितची पार्श्वभूमी

लोहित हा भारतीय लिप्यांसाठीचा टंकसमूह रेड हॅट या कंपनीने उपलब्ध करून दिला. त्याची मूळ अक्षररूपे पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेक या संस्थेकडून आली. आरंभी हा समूह जीपीएल परवान्याखाली वितरित होत असे. सप्टेंबर २०११ मध्ये तो एसआयएल संस्थेच्या ओपन फॉन्ट लायसन्सखाली, म्हणजेच ओएफएलच्या १.१ या आवृत्तीखाली आणला गेला. वरवर पाहता ही कागदोपत्री दुरुस्ती वाटते. वस्तुतः तीमुळे टंक वापरणाऱ्याचे आणि टंक सांभाळणाऱ्याचे हक्क व कर्तव्ये दोन्ही बदलली.

परवानाबदलाची चिकित्सा

जीपीएल हा मूलतः संगणक आज्ञावलीसाठी लिहिलेला परवाना आहे. आज्ञावलीत बदल करून ती वितरित करणाऱ्याने स्रोतही त्याच परवान्याखाली द्यावा, हे त्याचे सूत्र होय. टंकाच्या बाबतीत मात्र एक पेच उद्भवतो. पीडीएफ तयार करताना टंकाचा अंश त्या दस्तऐवजात समाविष्ट होतो. मग संपूर्ण शोधनिबंधालाच जीपीएल लागू होतो काय? ही शंका दूर करण्यासाठी फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने टंकांकरिता विशेष सवलतीचा मजकूर सुचविला आहे. पण ती सवलत परवान्यात स्वतंत्रपणे जोडावी लागते. ओएफएलने हा प्रश्न मुळातच सोडविला आहे. टंक वापरून तयार केलेल्या दस्तऐवजाला परवान्याची अट लागू होत नाही, असे त्यात स्पष्टपणे नमूद आहे. अध्यापक व संशोधकांच्या दृष्टीने २०११ चा निर्णय म्हणूनच स्वागतार्ह ठरतो.

तथापि या निर्णयाची दुसरी बाजूही विचारात घेणे आवश्यक आहे. टंकात पुढील बदल करणाऱ्याने स्रोतफाईल दिलीच पाहिजे, असा आग्रह ओएफएल धरत नाही. सुधारित टंक त्याच परवान्याखाली राहतो. परंतु तो कसा घडविला, हे दाखविण्याचे बंधन उरत नाही. जीपीएलमध्ये वापराची अडचण होती, ओएफएलमध्ये परंपरेचा धागा तुटण्याची शक्यता आहे. शिवाय ओएफएलमध्ये 'राखीव नाव' ही तरतूद आहे. मूळ कर्त्याने नाव राखून ठेवले असल्यास परवानगीशिवाय बदललेल्या टंकाला ते देता येत नाही. संकेतस्थळासाठी टंकातील निवडक अक्षरेच ठेवणे हादेखील बदलच मानला जातो. त्यामुळे एखाद्या महाविद्यालयाने सद्हेतूने केलेली काटछाटही परवानाभंग ठरू शकते.

येथे हार्फबझ या लायब्ररीचे उदाहरण उद्बोधक ठरेल. जोडाक्षरांची मांडणी करणारी ही लायब्ररी लिबर ऑफिस, फायरफॉक्स व अँड्रॉइड यांमध्ये वापरली जाते. फ्रीटाईप प्रकल्पात उगम पावलेली ही संहिता पँगो आणि क्यूटी यांत स्वतंत्रपणे वाढली व पुढे एमआयटी पद्धतीच्या सैल परवान्याखाली एकत्र आली. परवाना सर्वांना मानवणारा असल्यानेच एकच लायब्ररी अनेकांना सामाईकपणे सांभाळता आली.

पॅकेजरचनेची चिकित्सा

आगाशीच्या परिसरात सुकेळी केळीच्या वाळलेल्या पानात बांधलेली मिळतात; ते पान पाहूनच गिऱ्हाईक माल ओळखते. सॉफ्टवेअरचे पॅकेजही आत काय आहे व ते कोणासाठी आहे, हे सांगत असते. डेबियन या प्रणालीत लोहित देवनागरीचे एक मुख्य पॅकेज असून मराठी व नेपाळी यांसाठी स्वतंत्र पॅकेजे आहेत. म्हणजे 'देवनागरी' या सर्वसाधारण नावाखाली हिंदी वळण येते आणि मराठी वळण पुरवणीच्या रूपाने मागून घ्यावे लागते.

हा प्रश्न केवळ नावाचा नाही. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' ही मराठीची प्रमाण रूपे ठरविली आहेत. मुख्य पॅकेजावरच समाधान मानणाऱ्या विभागाची प्रश्नपत्रिका शासनमान्य वळणाहून वेगळी छापली जाण्याचा संभव असतो. ओपनटाईप तंत्रात भाषेनुसार अक्षररूप बदलण्याची सोय आहे. पण ती टंकात असावी लागते आणि मजकुराची भाषा 'मराठी' अशी नोंदविलेलीही असावी लागते. सांभाळणाऱ्याने भाषावार पॅकेजे एकत्र केली तर देखभाल सोपी होते, पण वापरणाऱ्याच्या अज्ञानाचा फटका मराठीला बसतो; वेगळी ठेवली तर मराठी वळण हमखास मिळते, पण प्रत्येक दुरुस्ती अनेक ठिकाणी करावी लागते. प्रस्तुत लेखकाच्या मते वेगळे पॅकेज हाच आज अधिक सुरक्षित पर्याय आहे.

देखभालीचा आणखी एक पैलू पत्त्याचा आहे. लोहितचे मूळ घर असलेले फेडोराहोस्टेड हे संकेतस्थळ २०१७ मध्ये बंद झाले व प्रकल्प पॅग्युअरवर गेला. संकेतस्थळे बंद पडतात. पॅकेजासोबतची परवान्याची प्रत तेवढी टिकते. ओएफएलनुसार प्रत्येक प्रतीसोबत स्वामित्वसूचना व परवाना असणे बंधनकारक आहे. पेनड्राइव्हवरून केवळ टंकाची फाईल सहकाऱ्याला देताना आपण नेमकी हीच अट विसरतो.

समारोप

भारतीय स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ नुसार संगणक आज्ञावलीचा समावेश साहित्यकृतीतच होतो. मग जी काटेकोर दृष्टी आपण संहितेच्या पाठाला लावतो, ती परवान्याच्या पाठाला का लावू नये? शोधप्रबंधाच्या आरंभीच्या पृष्ठांवर टंकाचे नाव, आवृत्ती व परवाना नमूद करावा, विभागातील संगणकांवर मराठी पॅकेज आवर्जून बसवावे आणि टंक देताना परवान्याची फाईलही द्यावी, एवढे तरी प्रत्येक मराठी विभागाला सहज शक्य आहे. परवानगी मागण्याची गरज नसणे आणि जबाबदारी नसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. हा भेद लक्षात घेतला नाही, तर पुढील पिढीच्या हाती आपले प्रबंध पडतील, पण ते वाचता येतीलच असे नाही.