व्यसनी माणसाच्या निदानातली गफलत

व्यसनमुक्ती केंद्रात आलेला तिशीचा एक माणूस डोळ्यांसमोर आणा. तीन नोकऱ्या सोडलेल्या, उधारी, घरात भांडणे, मनात आले की गाडी काढून सुसाट. याचे व्यक्तिमत्त्वच 'समाजविरोधी' की 'बॉर्डरलाइन', की लहानपणापासूनची अतिचंचलता, म्हणजे एडीएचडी, कुणाच्या लक्षातच आली नाही? की ही सारी दारूचीच करणी?

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांची 'डीएसएम' ही पुस्तिका अशा वेळी उघडली जाते. तिच्यात लक्षणांच्या याद्या आहेत. ठरावीक संख्या भरली की निदान होते. माझा आक्षेप याद्यांना नाही, त्या व्यसनी माणसाला जशाच्या तशा लावण्याला आहे. उतावीळपणा तिन्ही याद्यांत आहे. बॉर्डरलाइनसाठी नऊपैकी पाच लक्षणे लागतात आणि त्यांतल्या उतावीळपणाच्या उदाहरणांत खुद्द नशाच आहे! परीक्षेआधीच काही गुण खात्यात जमा.

दहा देशांतल्या व्यसनोपचार घेणाऱ्यांचा एक मोठा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. एडीएचडीचे प्रमाण हंगेरीत ५.४ टक्के, तर नॉर्वेत ३१.३ टक्के निघाले. व्यसन कशाचे, यानुसारही आकडा बदलत होता. एवढी तफावत असताना एका भेटीत निदान उरकणाऱ्यांचे मला नवल वाटते.

खरा फरक काळात सापडतो. एडीएचडीची काही लक्षणे बाराव्या वर्षाआधी दिसायला हवीत (२०१३पर्यंत ही अट सातव्या वर्षाची होती). विसराळूपणा, अर्धवट कामे रोजचीच असतात. राग भडकतो आणि विझतो. बॉर्डरलाइनमध्ये वादळ नात्यांभोवती फिरते: सोडून जाण्याची भीती, पोकळी, स्वतःला इजा. समाजविरोधी निदानासाठी पंधराव्या वर्षाआधीच चोरी, क्रूरता, दांडगाई असे वर्तन हवे. अर्थात दोन्ही एकत्रही असतात, आणि तेच अवघड.

'स्वभावच तसा' असे ठरले की औषधाचा विचारच होत नाही. स्वीडनमध्ये अॅम्फेटामाइनचे व्यसन व एडीएचडी असलेल्या ५४ कैद्यांवर झालेल्या, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मिथाइलफेनिडेटने लक्षणे कमी झाली आणि नशाही घटली.

तिशीतल्या माणसाचे बालपण शोधायचे कुठे? त्याची स्वतःची आठवण कच्ची असते. जुने प्रगतिपुस्तक मिळाले तर बरेच. मात्र 'वाया गेलेला मुलगा' हा शेरा डॉक्टरांच्या काही कामाचा नाही. 'गणिते येतात, पण वही कधी पूर्ण नसते, तासाला चार वेळा उठतो' हा आहे.